चाळीस मीटरवरची शोकसभा

पोलिसांच्या वायरलेसमधून रिटायर झाल्यावर काका हर्सूलला स्वतःच्या शेतात राहायला गेले. जमीन भाऊ कसायचे. काकांनी मात्र दोन लिंबांच्या मध्ये तांब्याची तार ताणली, ओसरीवर घरी बनवलेला ट्रान्समीटर मांडला आणि चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यावर देशभरच्या हौशी रेडिओवाल्यांशी गप्पा सुरू केल्या. ते माझे सख्खे काका नव्हेत. मला आणि पुंडलिकनगरच्या माझ्या मित्राला हे वेड त्यांनीच लावलं. आमच्या दोघांचे पहिले सेट त्या ओसरीवर जुळले. लायसन्सच्या परीक्षेची तयारी काकांनी करून घेतली, जेवायला काकूंनी वाढलं.

तेव्हा सगळे एएमवर बोलायचे. साध्या रेडिओवर बातम्या येतात तसा माणसाचा आवाज यायचा. मग परदेशी सेट आले. त्यांची पद्धत एसएसबी, म्हणजे आवाजाची एकच बाजू पाठवायची. जागा कमी लागते, पल्ला लांब जातो, हे खरंच आहे. पण काकांच्या रिसीव्हरवर ती भाषा बदकांच्या कालव्यासारखी यायची. आणि आम्ही बोलायला लागलो की एसएसबीवाल्यांच्या कानात शिट्टी वाजायची. पट्टा एवढासा, त्यात दोघांनी राहायचं.

माझ्या मित्राच्या मेहुण्यानं दुबईहून त्याला तसला सेट आणून दिला. रोज सकाळी ठरल्या वेळी सगळे रेडिओवर जमून बोलायचे, त्याला नेट म्हणत; थोड्याच दिवसांत त्या नेटचा तो प्रमुख झाला. शिट्टीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा त्याच्याच घरी बैठक झाली आणि ठरलं, की सकाळचा पहिला तास एएमचा, पुढं एसएसबीचं नेट. काका खूश होऊन म्हणाले, "झालं की मग! एका बांधावर दोन भाऊ राहत्यात, तसं राहू."

महिनाभर ठीक चाललं. मग नेट हळूहळू अलीकडं, एएमच्या तासात सरकू लागलं. काका बोलत असताना मध्येच बदकं सुरू व्हायची. काका थांबायचे, पुन्हा हाक द्यायचे, पुन्हा थांबायचे. मी मित्राला विचारलं तर म्हणाला, "अरे, एएमवर तुम्ही दोघंच उरलात. दोघांसाठी सगळ्यांनी थांबायचं का?"

काकांना मी नवा सेट जुळवायचं सुचवलं. ते म्हणाले, "आता नजर लई कमी झाली रे. तारंला कथलाचा डाग द्यायला गेलं की बोट भाजतंय." पुढं त्यांनी हाक देणंच सोडलं. नुसते ऐकत बसायचे. काय ऐकायचे, देव जाणे. त्या हिवाळ्यात ते गेले.

नेटवर शोकसभा ठरली. काकूंच्या कानावर गेलं तशा त्या मला म्हणाल्या, "मला यांच्याच रेडिओवर ऐकू दे." तेराव्याच्या आत त्या कुणाच्या घरी जाणार नव्हत्या. मी पुंडलिकनगरला गेलो.

"तुझ्या सेटला एएमचं बटण आहे. तेवढं पाच मिनिटं लाव. काकूंना कळू दे."

"बाहेरगावची मंडळी असतात रे नेटवर. त्यांना शिट्टीचा त्रास कशाला? मी नंतर येऊन सांगतो ना काकूंना सगळं."

"पाच मिनिटं म्हणतोय मी."

"शिस्त म्हणून काही असतं," तो म्हणाला.

सभेच्या दिवशी काकू रिसीव्हरसमोर पदर सावरून बसल्या. आवाज सुरू झाला. त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

"काय म्हणतेत रं?"

"चांगलं बोलतायत, काकू."

"कोण बोलतंय? आपलंच पोरगं नाय का ते?"

असेल, म्हणालो. मलाही नीट कळत नव्हतं. एकाएकी सगळं शांत झालं. "झालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही, सगळे उभे राहिलेत काकांसाठी." तशा भिंतीचा आधार घेऊन काकूही उभ्या राहिल्या. शांतता संपून पुन्हा बदकं सुरू झाली तरी त्या उभ्याच होत्या. बसा, असं मलाच सांगावं लागलं.

तेराव्याला मित्र आला. जेवला. आपण काय काय बोललो ते त्यानं काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "व्हय बाबा. चांगलं बोललास."

मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "एक बटण फिरवायचं होतं."

"अजून तेच धरून बसलायस?" म्हणत त्यानं स्कूटरला किक मारली.

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. महिन्याभरात माझ्या गच्चीवरची तारही उतरवली. तो आता कॉलेजांतून हौशी रेडिओवर भाषणं देतो. भाषणात काकांना आपले गुरू म्हणतो, असं ऐकतो. त्यात खोटं काही नाही. शिकवलं त्यांनीच होतं.