पाहुण्याची खुर्ची

माझा धाकटा भाऊ अश्वजित महाडला हाडांचा डॉक्टर आहे, आणि त्याच्या स्वतःच्या हाडांना क्षणभर स्वस्थता नाही. पेशंट तपासताना हा उभा, जेवताना अर्धा उठलेला. मी त्याची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका. वर्गात असा मुलगा असता तर त्याला बाकावर उभं केलं असतं, पण हा आधीच उभा असतो.

त्याचे सल्ले तालुक्याला पाठ आहेत. मांडी घालू नका. उकिडवे बसू नका. हंडा डोक्यावर घेऊ नका. दुखतं म्हणून अंथरुणाला खिळू नका, चाला. लोक "होय, होय" म्हणून माना डोलवतात आणि घरी जाऊन चुलीपुढे उकिडवे बसतात. मग हा घरी येऊन माझ्यावर चिडतो, "ताई, ही माणसं ऐकत का नाहीत?" "ऐकतात रे," मी म्हणते, "करत नाहीत."

चंद्रभागा तेवढी करणारी निघाली. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत ही म्हातारी एकटी राहते. गोठ्यात पाय घसरून तिचा खुबा मोडला. अश्वाने ऑपरेशन करून खुब्यात नवा गोळा बसवला आणि बजावलं, "आजी, गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही. बसलात तर गोळा निखळेल." तिचा मुलगा भरत मुंबईला नोकरी करतो. त्याने साफ सांगितलं होतं, आई धड उभी राहिली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि तिने मुंबईच्या खोलीवर यायचं. म्हातारीला हे मरणाहून नको होतं. "तिथं मला कोंबडी पन पालाया मिलायची नाय," ती दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटायची.

भरतने एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. म्हातारी खुर्चीत जेवायची, खुर्चीतच भाजी निवडायची. तपासणीला वॉकर धरून चालत आली तेव्हा अश्वा इतका खूश झाला, की येणाऱ्या प्रत्येक पेशंटला तिचं कौतुक ऐकवत बसला. पुढच्या तपासणीला मात्र ती आलीच नाही. फोन लागेना. झालं, याचा जीव थाऱ्यावर राहीना. पडली असेल का? पाय सुजला असेल का? दर गुरुवारी तो पोलादपूरला पेशंट तपासायला जातो; त्या गुरुवारी ते कसेबसे संपवून त्याने गाडी वाडीकडे वळवली. मी मैत्रिणीकडे म्हणून सोबत गेले होते, मलाही ओढत नेलं.

म्हातारी ठणठणीत होती. ओटीवर खुर्चीत बसून वाल सोलत होती. वाडीवरून खाली जाणारी जीप बंद होती म्हणून आली नव्हती, एवढंच. अश्वाने सुटकेचा श्वास टाकला, तोवर ती वॉकर धरून उठलीसुद्धा आणि खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बसा, डॉक्टर."

"नको, नको, तुम्ही बसा."

"माज्या घरात आलाव नि उभं काय ऱ्हाता? बसा!"

इथे एक सांगायला हवं. आमचे आजोबा याच वाडीत कामाला यायचे, आणि त्यांना या अंगणाच्या कडेला उभं राहून बोलावं लागे. आमचं आडनाव म्हातारीला ठाऊक होतं, सगळ्या तालुक्यालाच ठाऊक असतं. अश्वाने माझ्याकडे पाहिलं. आणि तो बसला. आयुष्यात कुणी बस म्हटलं म्हणून तो इतक्या शांतपणे बसलेला मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात भिंतीला हात टेकून म्हातारी खाली बसली. पाहुणा खुर्चीत म्हणजे आपण जमिनीवर, जन्मभर तिने हेच केलेलं. अश्वा "आजी!" म्हणून ओरडत उठला, पण उशीर झाला होता. कट्‌ असा आवाज आला आणि ती किंचाळली.

घोंगडीवर घालून तिला गाडीत आणलं. महाडला भूल देऊन गोळा पुन्हा जागेवर बसवला. रात्रभर अश्वा घरात येरझारा घालत होता. "मी बसलो कशाला, ताई? पाच मिनिटं उभा राहिलो असतो तर काय बिघडत होतं?" मला त्याचा राग आला, तिचा आला, आणि केव्हाच मेलेल्या माणसांचाही आला.

भरत आला. अश्वाने त्याला परोपरीने समजावलं, आजी पुन्हा चालेल, तिला घरीच राहू दे. भरत शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही होता म्हणून वेळेवर आणली. उद्या दुसरं कोन आलं की ती परत खालीच बसनार. मी वलखतो ना तिला."

तिला मुंबईला नेण्यासाठी गाडी दवाखान्याच्या दारात आली तेव्हा अश्वा तिची माफी मागायला वाकला. तिने त्याचा हात धरून ठेवला.

"माज्या सासऱ्यानं तुमच्या मानसांना कदी बस म्हटलं नाय," ती म्हणाली. "मी बगत उभी असायची. आता घर तर बंदच झालं. पन मी बसा म्हटलं, ते बरं झालं."

गाडी सुटली. सगळ्या तालुक्याला सल्ले देणारा माझा भाऊ दवाखान्याच्या पायरीवर खाली बसला.