अभ्यासक्रमाबाहेरचं पाणी

आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीवाल्या सरांइतका पाण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. पंगतीत लोक जिलेबीकडे बघतात, हे गृहस्थ पेल्यातलं पाणी उजेडाकडे धरून बघत बसायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले, तर मुलाचा पगारबिगार राहिला बाजूला, यांचा पहिला प्रश्न, "बोअर किती फूट आहे तुमचा?" पुढच्या बैठकीला यांना कुणी नेलं नाही.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो. शनिवार आला की सर पोरांना घेऊन प्रवरेकाठच्या वस्त्यांवर हिंडायचे आणि विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचे. बाटलीवर नाव विहिरीच्या मालकाचं नाही, पाणी भरणाऱ्या बाईचं! "सातबारा त्याचा असेल, हंडा तर हिच्याच डोक्यावर आहे ना?" मी चिडवायचो, "अहो, पुस्तकात चांगलं स्वच्छ पाणी दिलंय, तेवढं शिकवा की." त्यावर म्हणायचे, "स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क, आणि तपासून खरं सांगणं हा मास्तरचा." तेही इतक्या मोठ्यानं, की शिपाई घाईघाईनं स्टाफरूमचं दार लोटून घ्यायचा.

शेवटी सरांनी अहवाल लिहिला. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्यात सुटतं आणि ओढ्याकाठच्या विहिरी पिण्यालायक राहिलेल्या नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तो ग्रामसभेत वाचायचा म्हणून ते हटून बसले. आता कारखान्याचे अध्यक्ष तेच आमच्या संस्थेचेही अध्यक्ष. झालं! प्राचार्यांनी अहवालावर मत द्यायला तिघांची समिती नेमली आणि माझं मराठी चांगलं म्हणून मसुदा माझ्या गळ्यात घातला. माझ्या मुलाच्या नोकरीचं काम त्याच संस्थेत व्हायचं होतं. मी लिहिलं, 'सदर संशोधन अभ्यासक्रमाबाहेरील असल्याने महाविद्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही.' सरांनी कागद दोनदा वाचला. "वाक्य झकास जमलंय हो," म्हणाले. टोमणा असता तर बरं झालं असतं, पण त्या माणसाला टोमणा मारताच येत नव्हता.

त्यांची बदली खर्ड्याकडच्या शाखेत झाली. तिथं प्रयोगशाळाच नाही. जाताना अहवालाची एक प्रत माझ्या हातात देऊन गेले. पुढं एकदा ओढ्याकाठच्या एका बाईनं मला बाजारात गाठलं.

"सर, आमच्या पान्याचं काय निघालं? त्ये सर म्हनले हुते, सभेत सांगतो. पोरीच्या अंगावर लई चट्टे उठत्यात."

"तो विषय माझ्याकडे नाही, बाई."

"पर तुमी बी सरच हाय ना?"

मी भाजी न घेताच घरी आलो. फार लाज वाटली.

मुलगा लागला नोकरीला. मीही यंदा निवृत्त झालो, आणि मग कुठं धीर करून सरांना फोन केला. म्हटलं, "चुकलं माझं." ते हसले. "अहो, जाऊ द्या. आता तुम्हाला कोण काढणार? तुम्हीच वाचा की तो अहवाल सभेत. तुमचं वाचन छान आहे."

"वाचतो," म्हणालो.

त्यानंतर दोन ग्रामसभा झाल्या. दोन्ही वेळी मी गावातच होतो.