यादीतलं स्वच्छ पाणी

"मॅडम, मशीनचा झटका बसला. बोटं लाल झालीत. सोमवारी कंपनीत आत घेतील का मला?"

यवतहून माझ्या पेशंटचा, स्वातीचा फोन. मी दौंडला फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या तळहातांना इतका घाम येई की कुरकुंभच्या औषध कंपनीत बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक घाण्याची नोंद, लिहिताना शाई फुटायची. तिथं खाडाखोड चालत नाही आणि हाताला जखम असली तर आत सोडत नाहीत. दीड महिन्यावर कन्फर्मेशन होतं, नोकरी पक्की व्हायची होती. स्किनच्या डॉक्टरांनी आयन्टोफोरेसिस सांगितलं. पाण्याच्या दोन ट्रेमध्ये एकेक हात ठेवायचा. हलका करंट जातो. काही आठवड्यांत घाम कमी होतो. घरी मशीन कसं वापरायचं, हे मीच शिकवलं होतं. काय करायचं, काय टाळायचं याची लेखी यादीही माझीच.

"प्लग काढलास?"

"हो."

"फोड?"

"नाहीत. चुरचुरतंय."

"गार पाण्याखाली हात धर. मग यादी घेऊन इकडे ये."

ती येईपर्यंत केसपेपर दोनदा वाचला. पेसमेकर नाही. प्रेग्नन्सी नाही. हातात रॉड, प्लेट नाही. मग चुकलं काय?

ती आईला घेऊन आली. मी यादी वाचायला लागले. अंगठी, बांगड्या काढल्या? हो. हाताला चीर असेल तिथं व्हॅसलिन? हो. करंटचा नॉब शून्यावर ठेवून हात पाण्यात? हो.

"मुंग्या आल्या की नॉब थांबवायचा."

"येतच नव्हत्या, मॅडम. म्हणून वाढवत गेले."

"पाणी कुठलं?"

"स्वच्छ लिहिलंय ना? जारचं घेतलं."

आई म्हणाली, "निम्म्यात पानी कमी वाटलं. जार संपला हुता. म्या तांब्याभर बोअरचं वतलं. तशी ही किंचाळली."

तिथं सापडलं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते करंट वाहून नेतात. जारच्या फिल्टर पाण्यात ते फारसे नसतात. म्हणून नॉब खूप वर, तरी करंट नावापुरता. बोअरचं पाणी पडताच करंट एकदम वाढला. घाबरून तिनं हात बाहेर ओढले, तेव्हा दुसरा झटका. आधी नॉब शून्यावर आणायचा असतो.

"म्हंजी म्याच पोरीला शॉक दिला व्हय?"

"नाही मावशी. यादीनं दिला."

"आन् यादी कुनी लिव्हली?"

"मी."

मी पेन काढून यादीतला 'स्वच्छ' शब्द खोडला.

लाली दोन दिवसांत गेली. सोमवारी गेटवर कुणी अडवलं नाही. स्किनच्या डॉक्टरांना विचारून पुढची दोन सेशन माझ्यासमोर घेतली, सुरुवातीपासून बोअरच्या पाण्यात. नॉब जरासा फिरवताच मुंग्या आल्या. बाकीची सेशन तिनं घरी केली. दीड महिन्यानं तिनं कन्फर्मेशनच्या कागदावर सही केली. शाई फुटली नाही.

यादीत आता लिहिलंय: पाणी नळाचं किंवा बोअरचं. जारचं नको. मध्येच ओतू नका. आणि यादी देण्याआधी मी ती पेशंटच्या घरात पाणी भरणाऱ्या बाईला वाचून दाखवते.