डायमध्ये रुतलेली पुंगळी आणि ताईचं लग्न

इकडं आखातात, आमच्या शूटिंग क्लबच्या वर्कशॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी आहे. शेजारच्याच खोलीत काडतुसांत भरायच्या दारूचे डबे असतात, म्हणून फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा आणि चावी खिशात. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण सांगलीत ताईचं दुसरं लग्न होतं त्या सकाळी माझा हात सारखा त्या चावीकडे जात होता.

ताई पन्नाशी ओलांडलेली. दाजी जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांशी ती नोंदणी पद्धतीनं लग्न करणार होती. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, "ह्या वयात हे काय?" एवढंच विचारलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. साक्षीदार तीन लागतात, त्यातला एक मी होतो. पण इथं स्पर्धा लागली आणि माझी सुट्टी रद्द झाली. माझ्या जागी शाळेतल्या एक बाई सही करणार होत्या. इंडस्ट्रियल एरियातून निघालेली कंपनीची बस क्लबच्या फाटकात शिरली आणि ताईचा मेसेज आला, "बाईंना घरून सोडत नाहीत. बघते दुसरं कुणी." तोवर फोन कपाटात टाकायची वेळ झाली होती.

माझं काम रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा मापात आणायचं. गोळी उडाली की पुंगळी फुगते. तिला वंगण लावून प्रेसच्या पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची. वंगण बोटाला जेमतेम लागेल एवढंच घ्यायचं. जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्याला पोचा पडतो, कमी झालं तर ती आत रुतून बसते.

हात चालत होते, पण डोक्यात सांगलीचं ते ऑफिस. तिथं बाहेरच्या बाकावर ताई नवी साडी नेसून बसली असेल. रस्त्यावरच्या कुणाला धरून आणून सही कर म्हणायची वेळ तिच्यावर येईल का? तिकडं घड्याळ अडीच तास पुढं. म्हणजे एव्हाना नंबर लागलाही असेल. आणि मी एक पुंगळी कोरडीच आत घातली. प्रेसचं हँडल परत फिरेना. जोर लावला तशी पुंगळीची कड फाटली आणि ती आतच राहिली.

आमचा सुपरवायझर केरळचा. तो जवळ आला. "क्या हुआ? सूखा डाल दिया?"

"आज बहन की शादी है."

"आज? तो खडा क्यूं है? यल्ला, जल्दी फोन कर के आ."

बाहेर उन्हात भिंतीला टेकून दोनदा फोन लावला. उचलला नाही. परत येऊन रुतलेल्या पुंगळीला भोक पाडलं, आटे पाडले, स्क्रू घालून ती ओढायला लागलो. हाताला घाम, पाना निसटत होता. ती निघाली तेव्हा सुपरवायझरनं मी न विचारताच दाराकडं बोट केलं.

या वेळी ताईनं लगेच उचलला. "झालं रे!"

"तिसरी सही कुणी केली?"

"आप्पांनी."

मला खरंच वाटेना. ती म्हणाली, "माझ्या लेकीनं फोन केला त्यांना. एसटीनं आले, टोपी सारखी केली आणि सही कुठं करायची विचारलं. माझ्याशी बोलले नाहीत. थांब, देते."

बराच वेळ नुसता गलका. मग आप्पा. "बोल."

"आप्पा, बरं वाटलं तुम्ही गेलात."

"बरं काय त्यात? माणूस कमी पडत होतं." आणि फोन परत ताईकडं.

आत जाऊन सुपरवायझरला सांगितलं. त्यानं चहा मागवला, पण मला तो बसून पिता येईना. कप हातात घेऊन प्रेसभोवती फिरत राहिलो. "आज तू मत दबा," तो हसून म्हणाला आणि पुंगळ्यांवरचं वंगण पुसायला फडकं दिलं.

आप्पा ताईशी पुन्हा बोलू लागले ते दिवाळीत, तेही कामापुरतं. सरांना ते अजून नावानं हाक मारत नाहीत, 'पाव्हणं' म्हणतात. ताई म्हणते, जावयाला दुसरं काय म्हणतात आपल्याकडं? मी अजून सरांना फोनच्या पडद्यावरच पाहिलंय. सुट्टीचा अर्ज पुन्हा दिलाय. इन्शाल्ला म्हणतात सगळे, देवाच्या मनात असेल तर मिळेल. मला ते ऐकूनही स्वस्थ बसवत नाही.