उताराला न जाणारं पाणी

मुलगी समुद्र-संशोधनाच्या जहाजावर निघाली तेव्हा मी एकच अट घातली: रोज संध्याकाळी जहाज कुठे आहे ते अक्षांश-रेखांश मेसेजने पाठवायचे. अट मोडली तर पुढची सफर नाही. बँकेच्या परीक्षेला जाते असं सांगून ती समुद्रशास्त्राच्या प्रवेश परीक्षेला बसली होती, तेव्हापासून मी तिचं सगळं तपासूनच घेते.

आकडे नियमित आले. मी ते वहीत उतरवायची आणि फोनच्या नकाशावर खुणा करायची. पहिले तीन दिवस जहाज भराभर पुढे गेलं. मग खुणांची रांग वाकायला लागली. पंधराव्या दिवसाची खूण चौथ्या दिवसाच्या खुणेजवळ आली, फक्त थोडी पश्चिमेला सरकून. मी लागोपाठच्या दोन दिवसांच्या खुणांमधलं अंतर मोजलं. जेमतेम गोंदिया ते तिरोडा. तेवढं मी आमच्या फुलचूरहून स्कूटीने तासाभरात जाते.

"जहाज आहे का बैलांची रेंगी?" मी नवऱ्याला विचारलं.

"पोरीवर कायले शक घेऊन राहिली? पोलिसात जाचं होतं तुले."

समुद्रात फोन लागत नाही, जहाजाच्या नेटवरून फक्त मेसेज जातात, असं मुलीने सांगितलं होतं. तरी मी लावला. दुसऱ्याच रिंगला तिने उचलला. मी आधी खुणांचं विचारलं.

"इथे भोवरा आहे, आई. शंभर किलोमीटर रुंद. मधलं पाणी वीतभर फुगलेलं आहे."

"मग उतरून जाईल."

"नाही जात. पृथ्वी फिरते ना, म्हणून ते उतारावरून बाजूला वळते अन् गोल फिरत राहते. अख्खा भोवराच हळूहळू पश्चिमेला सरकते."

माझं माहेर केशोरीचं. वरच्या बांधीचा, म्हणजे धानाच्या खाचराचा, बांध फोडला की पाणी धानातून खालच्या बांधीत उतरतं. त्याला पृथ्वी आडवी आलेली मी कधी पाहिली नाही. तसं मी बोलले.

"बांधी लहान आहे, आई. पाणी वळायच्या आत पोचून जाते."

"पाणी फिरू दे. जहाजाले इंजिन आहे ना? ते काऊन फिरून राहिलं? अन् हा फोन कसा लागला?"

 तेव्हा ती भडाभडा बोलली. तिसऱ्या दिवशी एक तरंगतं यंत्र पाण्यात सोडताना ती ओल्या डेकवर घसरली. पाय मोडला. जहाजाने तिला परत विशाखापट्टणमच्या बंदरावर उतरवलं. प्लास्टर घालून ती होस्टेलवर पडून होती. ते यंत्र पाण्याबरोबर वाहतं आणि आपली जागा स्वतःच कळवतं. तेच आकडे ती मला जहाजाचे म्हणून पाठवत होती.

"सांगितलं असतं तर तू येऊन घेऊन गेली असती. पुढची सफर गेली असती माझी."

ते खरं होतं. मी त्याच दिवशी गाडीत बसले असते.

"एक्स-रे पाठव," मी म्हणाले. "अन् डॉक्टरचा कागद."

दोन्ही आले. नाव, तारीख, पाय कोणता, सगळं पाहिलं. मग मी विशाखापट्टणमचं तिकीट काढलं.

"येतानी पोरीचं काढलं का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. तिले तिथं काम आहे."