उठून गेलेल्याला विचारा

गेल्या महिन्यात एका रविवारी टेंभुर्णीतल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी इंटरव्ह्यू दिला. घरात रेंज फक्त तिथेच येते... परदेशातली बडी इंटरनॅशनल स्कूल, फिजिक्स टीचरची पोस्ट. सोमवारी सकाळी ऑफर लेटर मेलवर हजर, आणि खाली एक ओळ की चोवीस तासांत सही करून पाठवा.

जालन्याच्या शाळेचा राजीनामा मी आधीच देऊन बसले होते. म्हणजे ही नोकरी हातची गेली तर जूनपासून मी घरी! धाकट्या भावाने तर मेल पूर्ण वाचायच्या आधीच स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांना बातमी देऊन टाकली.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी शाळेचे फोटो दाखवले. स्विमिंग पूल, काचेची लॅब, हिरवंगार ग्राउंड... आबांनी चष्मा लावून एकेक फोटो नीट बघितला आणि म्हणाले, "हे तर मालकानं दाखवलं. तिथून उठून गेलेल्याला इचारलं का?"

आता आमची थोडी शेती आहे, पण माझ्या लहानपणी आबा मेंढ्या घेऊन फिरायचे. खतासाठी रानात मेंढ्या बसवायला शेतकरी बोलवायचे. माझ्याकडे चारा असा आहे, विहिरीला पाणी तसं आहे... आबा सगळं ऐकायचे, चहा प्यायचे, पण हो म्हणायचे नाहीत. मागच्या साली त्या रानात ज्याचा कळप बसला होता त्याला आधी गाठायचे, मग तो कितीही लांब असो. त्याने चांगलं सांगितलं तरच आमचं बिऱ्हाड तिकडे निघायचं.

मी हे बघत मोठी झाले. तरी पहिल्यांदा आखातातल्या एका शाळेत गेले तेव्हा कुणालाच काही विचारलं नाही. घरातून विमानात बसणारी मी पहिली, सगळ्यांच्या कौतुकात तरंगत गेले.

पोचल्या दिवशीच ऑफिसने 'सेफ्टीसाठी' पासपोर्ट ठेवून घेतला. वर्षभराने आईचं ऑपरेशन ठरलं आणि तो परत मिळवायला मला तीन आठवडे हात जोडावे लागले. मी घरी आले तेव्हा आईचे टाकेसुद्धा निघाले होते. मी खूप रडले, पण ते दुःख नव्हतं, राग होता... तो अजून गेलेला नाही.

म्हणून मी या शाळेला मेल केला. या पोस्टवर माझ्या आधी जे होते त्यांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलून सही करते.

दुपारी एचआर मॅडमचा फोन. आवाज एकदम गोड... असं कुणी कँडिडेट विचारत नाही म्हणाल्या, आणि तुमच्या बॅकग्राउंडच्या टीचरला आम्ही केवढी मोठी संधी देतोय! मी म्हटलं, मॅडम, माझ्या बॅकग्राउंडमध्ये हे विचारल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही.

मंगळवारी ऑफर मागे घेतल्याचा मेल आला. दोन ओळींचा.

भाऊ जाम भडकला. "ताई, गुपचूप सही करायला काय झाल्तं? आता मी लोकाला काय सांगू?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खोटं कशाला सांगू, जूनपासूनच्या पगाराची काळजी मलाही होतीच. पण पस्तावा? बिलकुल नाही. ज्या शाळेला स्वतःच्या जुन्या टीचरची भीती वाटते, तिची काचेची लॅब घेऊन मी काय करू?

अर्ज आणखी एका ठिकाणी केला होता. पुढच्या आठवड्यात तिथून बोलावणं आलं. आफ्रिकेतलं तलावाकाठचं छोटं गाव, बैठी शाळा, वर पत्रे... वेबसाइटवर प्रिन्सिपॉल सरांचा फोटोसुद्धा वाकडा. कॉल संपता संपता मी तोच प्रश्न टाकला. सर हसले आणि तिथल्या तिथे चॅटमध्ये नंबर पाठवला.

नंबर केरळच्या एका बाईंचा. त्यांनी न विचारता सगळं सांगितलं... लाइट जाते, लॅबमधलं अर्धं सामान बंद आहे, सर मीटिंगमध्ये फार बोलतात. मुलं मात्र जीव लावतात. आणि पासपोर्ट? तो त्यांच्याच कपाटात होता, साड्यांच्या खाली.

मी उड्या मारत आबांना सांगायला गेले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मेन गोष्ट तर राह्यलीच की, बाई. परत बोलावलं तर जाशील का, हे इचारलं का?"

नव्हतं विचारलं... मुकाट्याने पुन्हा गच्चीवर गेले आणि फोन लावला. बाई म्हणाल्या, सासूबाई आजारी नसत्या तर मी ती शाळा सोडलीच नसती.

शाळेचं ऑफर लेटर आलं आणि मी सही केली. सोबत माझीही एक अट लिहून पाठवली. मी इथून निघेन तेव्हा माझ्या जागी येणाऱ्या टीचरला माझा नंबर द्यायचा, तिने मागितला नाही तरी. शाळेने 'ओके' कळवलं. आबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "हां, हे बराबर केलं."

गावात काहींना मी आगाऊ वाटते, वाटू दे. पत्र्याच्या शाळेसाठी काचेची शाळा सोडली म्हणून हसतात, हसू दे. मी यापुढेही विचारणार, आणि आबांनी शिकवलंय तसंच विचारणार.

आईने कालपासून माझी बॅग भरायला घेतली आहे. स्वतःची एक सुती साडी तिने सगळ्यात आधी तळाशी घातली आणि मला म्हणाली, "पासपोर्ट हिच्याखाली ठेवायचा. आन् आता कोन्हाच्याबी हातात द्यायचा न्हाई."