तोंडावर नाही म्हणणाऱ्या सिस्टर

सिस्टरांना कुणाला नाही म्हणायचं असलं की त्या आधी त्याला बसायला खुर्ची देत. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांनी खुर्ची पुढे सरकवली की समजायचं, आता काही खरं नाही. एरवी नाही म्हणायची आपली रीत काय? ‘बघू’, ‘ह्यांना विचारते’, ‘पुढच्या आठवड्यात या’. सिस्टर समोरच्याला बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि शांतपणे नाही म्हणून मोकळ्या व्हायच्या.

त्या आमच्या शेजारी एकट्या राहत. धर्माने कॅथलिक. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. पारोळ्याकडच्या बायका तर दारातच विचारायच्या, “शिष्टरबाई शे का? ती व्हई तरच मी आत जासू.” नोकरीला लागतानाच सिस्टरांनी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, “बाळंतपणाला केव्हाही हाक मारा. पण गर्भ पाडायचा असेल तिथे मी हात लावणार नाही. माझ्या धर्मात तो जीव घेणं आहे, आणि धर्माने सांगितलं नसतं तरी मला तसंच वाटलं असतं.” बाळंतपणाला डॉक्टरांना असं माणूस हवंच होतं, त्यांनी मान्य केलं. त्या कामाची खोली उघडली की सिस्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या.

ह्यांच्या गिरणीला टाळं लागलं, पदरात तीन लेकरं, आणि मला पुन्हा दिवस गेले. मी त्याच खोलीत गेले. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला दुसरा रस्ता नव्हता आणि आजही मी तेच म्हणेन. त्या दिवशी दवाखान्यात सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र मऊ भात घेऊन दारात उभ्या. “मला पटलेलं नाही हं,” म्हणाल्या, “पण कंबर दुखत असेल ना? वळ, शेकून देते.” मला संताप आला, रडूही आलं. शेक मात्र घेतला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलं आणि त्या खोलीला उसंत राहिली नाही. मुलगी आहे असं कळलं की सासरचे लोक बाईला धरून तिकडे नेत. सिस्टरांचं जेवण तुटलं. त्यातच डॉक्टर नगरपालिकेला उभे राहिले.

त्यांना प्रचारफेरीत सिस्टर पुढे हव्या होत्या, कारण गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. सिस्टर गेल्या नाहीत. फादरांनी रविवारी एवढंच सांगितलं होतं की मत देताना आपल्या विवेकाला विचारा. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. बाकीच्या ख्रिस्ती घरांनी मात्र दफनभूमीला कुंपण मिळणार म्हणून डॉक्टरांना शब्द दिला होता. ती मंडळी सिस्टरांची समजूत घालायला आली. त्यांनाही खुर्च्या मिळाल्या.

मीही डोकं आपटलं. “अहो, मत पेटीत पडतं, कुणाला कळतंय? शिक्का हवा तिथे मारा आणि बाहेर येऊन डॉक्टरांकडे बघून हसा. नोकरी गेली तर ह्या वयात खाल काय?”

“ज्यांचं मीठ खाते त्यांना फसवू होय?” सिस्टर म्हणाल्या. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मतदानाच्या आदल्या दिवशी डॉक्टर कार्यकर्ते घेऊन गल्लीत आले. प्रत्येक घरात त्यांना ओवाळलं, प्रत्येक घराने हो म्हटलं. सिस्टरांनी खुर्ची दिली, तशी मी ओवाळणीचं ताट ठेवून त्यांच्या दारात गेले.

“डॉक्टर, माझं मत तुम्हाला नाही.”

डॉक्टर हसण्यावारी नेऊ पाहत होते. “मग माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या कापडवाल्याला देणार? तो काय संत लागून गेलाय?”

“नाही. पण त्याच्या दुकानात ती खोली नाही.”

“नोकरीचा विचार केलाय?”

“नोकरी तुमच्या हातात आहे. मत माझ्या.”

कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर पाणी न पिताच उठले.

निवडणुकीत ते पडले. थोडक्यात नव्हे, चांगलेच पडले. हो म्हणणाऱ्यांपैकी कोणी पाडलं ते कळायला मार्ग नव्हता. नाही म्हणणारी एकच माहीत होती. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं.

मी तरातरा दवाखान्यात गेले. “डॉक्टर, मी तुम्हाला मत दिलंय, म्हणून बोलते. तोंडावर गोड बोलून लोकांनी तुम्हाला पाडलं आणि तुम्ही काढलंत कुणाला?” त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली. मग म्हणाले, “तुम्ही घरी जा, वहिनी.”

सिस्टर भुसावळला बहिणीकडे निघाल्या. मी एसटी स्टँडवर पोचवायला गेले. गाडी लागल्यावर म्हटलं, “तुम्हाला अंधारात ठेवत नाही. माझं मत डॉक्टरांना होतं, माझ्या अडचणीला तेच उभे राहिले होते.”

“ठाऊक आहे. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. त्यांच्यासाठीही.”

माझं डोकंच सणकलं. “कशासाठी? आम्ही सुधारावं म्हणून?”

“बरे राहावं म्हणून गं,” सिस्टर म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

त्या मताचा मला आजही पस्तावा नाही. पण त्या गेल्या आणि गल्लीत मला तोंडावर ‘पटलं नाही’ म्हणून वर कंबर शेकून देणारं कुणी उरलं नाही.